जीभ दुखत नाही म्हणून…



अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बफेलो विद्यापीठ आहे. तिथल्या दंतविभागात एक २६ वर्षांची तरुणी आली. तिच्या वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडली होती. तिने आपले जुने फोटो दाखवले, तर त्यांत दात एकमेकांना चिकटून बसलेले. मग हे दात सरकले कशाने? डॉक्टरांना उत्तर तिच्या जिभेत सापडलं. सात वर्षांपूर्वी तिने जीभ टोचून घेतली होती आणि त्या धातूच्या दांडीचा मणी दोन दातांच्या मध्ये दाबून धरायची तिला सवय लागली होती. बोलता बोलता, वाचता वाचता, टीव्ही पाहता पाहता. २०१० साली हे प्रकरण दातांच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती फट बुजवण्यासाठी दातांना तारा लावण्याचे लांबलचक उपचार करावे लागले.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की दात सरकत होते तेव्हा तिला काहीही दुखत नव्हतं. जिभेच्या बाबतीत माणसं नेमकी इथेच फसतात. तिखट लागून जीभ चुरचुरली की घाबरतात, आणि न दुखणारी जखम महिनोन्महिने तोंडात बाळगतात. टोचलेली जीभ असो वा न टोचलेली, दुखण्यावर विसंबून राहिलं तर जिभेचे बरेचसे इशारे हुकतात. आजचं बोलणं त्या हुकणाऱ्या इशाऱ्यांबद्दल आहे.

आपल्याकडे टोचून घेणं नवीन नाही. तान्ह्या बाळाचे कान सोनाराकडून टोचून घेतात, मुलीचं नाक टोचून चमकी घालतात. त्यामुळे कॉलेजातल्या मुलाने किंवा मुलीने जीभ टोचायची गोष्ट काढली आणि घरच्यांनी विरोध केला, की पहिला प्रश्न तोच येतो: आईने कान टोचले तेव्हा काय झालं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागावून नव्हे, नीट उत्तर द्यायला हवं. कानाची पाळी म्हणजे कातडी आणि तिच्या आत थोडी चरबी. तिच्यात स्नायू नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. भोक पडतं, कोरडं राहतं, काही आठवड्यांत भरून येतं. जीभ मात्र जवळजवळ पूर्णपणे स्नायूंची बनलेली असते. स्नायूंच्या आठ जोड्या, त्यांचे तंतू उभे, आडवे आणि लांबीच्या दिशेने एकमेकांत गुंफलेले. जिभेला हाड नसूनही ती वळते, चपटी होते, टोकदार होते, ती या रचनेमुळे. दोन्ही बाजूंनी तिला भरपूर रक्त पुरवणाऱ्या धमन्या आहेत. आरशासमोर जीभ टाळ्याला लावून पाहिली तर खालच्या बाजूला निळसर शिरा डोळ्यांनाच दिसतात. शिवाय हे सगळं तोंडात. तिथे कायम ओल असते, ऊब असते आणि जिवाणूंच्या शेकडो जाती नांदत असतात. कानाच्या भोकाला जी विश्रांती मिळते, ती जिभेला मिळणार कधी? माणूस गिळतो, बोलतो, झोपेतही आवंढा घेतो.

जीभ टोचण्याचा इतिहासही जुना आहे. मेक्सिकोतल्या याश्चिलान इथल्या माया संस्कृतीच्या मंदिरात एक कोरीव शिळा होती, ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर राणी जिभेतून काटेरी दोर ओढून देवाला रक्त अर्पण करताना दिसते. शिळेवर कोरलेली तिथी इसवी सन ७०९ची. तमिळनाडूत पळणीला आणि मलेशियातल्या बाटू लेण्यांत तैपूसम उत्सवात मुरुगनाचे भक्त आजही जिभेतून लहानसा भाला आरपार घालतात. या श्रद्धेबद्दल इथे काही म्हणायचं नाही. वैद्यकीय फरक एवढाच सांगायला हवा, की नवसाचा भाला उत्सव आटोपला की निघतो. फॅशनची दांडी वर्षानुवर्षं तोंडात राहते, आणि बरंचसं नुकसान त्या राहण्याने होतं.

आजच्या पद्धतीची सुरुवात अमेरिकेतली. १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये जिम वॉर्ड यांनी ‘गॉन्टलेट’ नावाने शरीर टोचण्याचा व्यवसाय सुरू केला. १९९०च्या दशकात स्पाइस गर्ल्स या ब्रिटिश गटातल्या मेल बी या गायिकेच्या जिभेतला मणी जगभरच्या टीव्हीवर दिसला आणि किशोरवयीन मुलामुलींमध्ये ही हौस झपाट्याने पसरली. आपल्याकडच्या शहरांत टॅटू काढून देणाऱ्या दुकानांत आता जीभही टोचून मिळते.

प्रत्यक्षात काय करतात, ते आईवडिलांनी आणि मुलांनी दोघांनीही जाणून घ्यावं. जीभ बाहेर काढून चिमट्यात धरतात. मध्यरेषेवर मोठ्या शिरा कमी असतात, म्हणून सुई तिथून वरून खाली किंवा खालून वर आरपार घालतात. भूल देण्याची पद्धत सहसा नसते. मग साधारण १.६ मिलिमीटर जाडीची दांडी त्या भोकात सरकवतात आणि दोन्ही टोकांना मणी फिरवून बसवतात. यालाच बारबेल म्हणतात. पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, कारण जीभ सुजणार हे ठरलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. बोलणं जड होतं, लाळ गळते, घट्ट अन्न गिळवत नाही. सूज उतरल्यावर, साधारण दोनेक आठवड्यांनी, लांब दांडी काढून आखूड घालायची असते. जखम पूर्ण भरायला चार ते सहा आठवडे लागतात. अनेक तरुण दांडी बदलायला परत जातच नाहीत. हा आळस पुढे फार महागात पडतो, त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

आधी पहिल्या महिन्यातले धोके. रक्तस्राव, पू होणं, सुजलेल्या जिभेत मणी रुतून बसणं, हे दवाखान्यात दिसणारे प्रकार. क्वचित गोष्ट फार पुढे जाते. १९९७ साली ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये एका २५ वर्षांच्या स्त्रीची हकीकत छापून आली. जीभ टोचल्यावर चौथ्या दिवशी तिच्या जिभेखालचा, हनुवटीखालचा सगळा भाग संसर्गाने टणक सुजला. या आजाराला लुडविग्ज अँजायना म्हणतात. १८३६ साली जर्मन वैद्य लुडविग यांनी त्याचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव. यात सूज जिभेला वर आणि मागे ढकलते आणि श्वासाचा मार्गच बंद होऊ लागतो. तो मोकळा ठेवणं हे मग डॉक्टरांचं पहिलं काम ठरतं, बाकीचे उपचार नंतर.

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केली. २२ वर्षांच्या तरुणीने जीभ टोचली, दोन-तीन दिवसांत जीभ सुजली, घाणेरड्या चवीचा पू येऊ लागला. तिने दांडी काढून टाकली आणि जीभ बरी झाली. तिच्या दृष्टीने विषय संपला. साधारण महिन्याभराने डोकेदुखी, ताप, उलट्या आणि चक्कर सुरू झाली. तपासणीत लहान मेंदूत पुवाची गाठ निघाली. तोंडातले जिवाणू रक्तातून मेंदूपर्यंत गेले होते. अशी प्रकरणं विरळा आहेत, हे मुद्दाम सांगायला हवं; ऐकून कुणी रात्रभर जागू नये. मात्र जीभ टोचल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप किंवा न थांबणारी डोकेदुखी आली, तर डॉक्टरांना जिभेबद्दल आपण होऊन सांगितलंच पाहिजे. डॉक्टर ते विचारतीलच असं नाही.

हृदयाच्या झडपांचा आजार असणाऱ्यांना तर ही हौस परवडणारीच नाही. भारतात लहानपणी सांधेतापानंतर झडपा बिघडलेले रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना आपल्या झडपेची कल्पनाही नसते. तोंडातले जिवाणू रक्तात शिरून अशा झडपेवर घर करतात. जीभ टोचल्यानंतर हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि धनुर्वात यांचा धोका वेगळा.

हे सगळं झालं पहिल्या महिन्याचं. जखम भरते, दुखणं थांबतं, आणि तरुण मनात म्हणतो, आता सुटलो. दातांच्या डॉक्टरांची खरी काळजी इथून सुरू होते.

२००२ साली अमेरिकेतल्या एका हिरडीरोगाच्या नियतकालिकात कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. जीभ टोचलेल्या ५२ तरुणांचे दात आणि हिरड्या त्यांनी तपासल्या. दोन वर्षं किंवा अधिक काळ लांब दांडी वापरणाऱ्यांपैकी निम्म्या जणांच्या खालच्या पटाशीच्या दातांमागची हिरडी खाली सरकलेली होती. चार वर्षं किंवा अधिक काळ दांडी असलेल्यांपैकी ४७ टक्के जणांच्या दाढांचे आणि उपदाढांचे टवके उडालेले होते. पुढे २०१६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही चित्र तेच निघालं: जीभ टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांमध्ये हिरडी सरकलेली, ३७ टक्क्यांमध्ये दाताला इजा.

असं का होतं, ते समजायला अवघड नाही. मोकळ्या वेळी माणूस दांडीशी खेळतो. मणी दातांवर घासतो, खालच्या दातांच्या आतल्या बाजूला टेकवतो, दाढांमध्ये धरून चावतो. दांडी लांब असेल तर मणी सहज तिथपर्यंत पोचतो, म्हणून ती वेळेवर बदलणं इतकं महत्त्वाचं. खालच्या पटाशीच्या दातांवरची आतली हिरडी मुळात पातळ असते. रोज शेकडो वेळा धातूचा आघात झाला की ती झिजते आणि तिच्याखालचं हाडही विरतं. दाताचं मूळ उघडं पडतं. झिजलेली हिरडी आपण होऊन परत वाढत नाही, विरलेलं हाडही नाही. दात हलू लागेपर्यंत यातलं बरंचसं दुखतही नाही. आणि जागा दातांच्या मागची असल्यामुळे आरशात रोज चेहरा पाहणाऱ्यालाही ती दिसत नाही. विशी-बाविशीतल्या धडधाकट तरुणाचा पुढचा दात केवळ एका मण्यामुळे हलू लागावा, हे पाहणं दातांच्या डॉक्टरला फार जड जातं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तोंडात टोचून घेण्याला स्पष्ट विरोध केला आहे, त्यामागे हीच कारणं आहेत.

मज्जातंतूंचंही ऐकून घ्या. २००६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात इटलीतल्या डॉक्टरांनी एका १८ वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं. जीभ टोचल्यानंतर काही आठवड्यांनी तिच्या चेहऱ्यात विजेचा झटका बसावा तशा कळा येऊ लागल्या. औषधांनी फरक पडेना. शेवटी दांडी काढल्यावर कळा थांबल्या. चव कायमची जाईल का, अशी भीती मात्र अनेकांना वाटते आणि तिला फारसा आधार नाही. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असा जो नकाशा शाळेच्या पुस्तकात असायचा, तो चुकीचा आहे. १९०१ सालच्या एका जर्मन प्रयोगाच्या आकड्यांचा पुढे विपर्यास झाला आणि तो नकाशा जगभर रूढ झाला. चवीच्या कळ्या जिभेवर सगळीकडे सगळ्या चवी ओळखतात, त्यामुळे मधोमध एक भोक पडल्याने एखादी चव नाहीशी होत नाही.

जीभ टोचणं एकवेळ परवडेल, पण जीभ चिरून तिची दोन टोकं करण्याचा प्रकार त्याहून भयंकर आहे, आणि तो आता आपल्या देशातही पोचला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीत एका टॅटू दुकानात जीभ चिरण्याचे प्रकार चालल्याचं उघड झालं. पोलिसांनी दोघांना अटक केली आणि महापालिकेने दुकानाला सील ठोकलं. दुकानात बसून जीभ कापणं ही शस्त्रक्रियाच आहे, आणि ती करणारा डॉक्टर नसतो. रक्त थांबेना झालं तर त्याच्याकडे काय उपाय असतो, हा प्रश्न तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

ज्यांनी जीभ आधीच टोचली आहे, त्यांना दोष देऊन काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी सल्ला साधा आहे: दांडी काढून टाका. भोक बहुतेक वेळा आपण होऊन बुजतं. काढायची मनाची तयारी नसेल, तर निदान आखूड दांडी वापरा. मण्याशी खेळू नका, दातांवर आपटू नका. मणी घट्ट बसला आहे ना, हे रोज स्वच्छ धुतलेल्या हातांनी पाहा, कारण सैल झालेला मणी पोटात जातो आणि क्वचित श्वासनलिकेतही. कबड्डी, कराटे, फुटबॉल खेळताना दांडी काढून ठेवा. दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांना खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू मुद्दाम पाहायला सांगा. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञाला जिभेबद्दल आधी सांगा, कारण घशात नळी घालताना ती दांडी अडते किंवा निसटते. एमआरआय करण्यापूर्वीही ती काढावी लागते. नुकतीच जीभ टोचली असेल आणि गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, हनुवटीखाली टणक सूज आली असेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर हळद लावत, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत घरी बसू नका. मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, रात्र असली तरी.

आता, ज्यांनी जन्मात जीभ टोचलेली नाही आणि टोचणारही नाहीत, अशा बहुसंख्य श्रोत्यांकडे वळू. त्यांच्याही जिभेवर बरंच काही घडत असतं.

सगळ्यात जास्त धास्ती ज्या गोष्टींची घेतली जाते, त्या बहुतेक निरुपद्रवी असतात. काहींच्या जिभेवर लालसर, गुळगुळीत चट्टे उमटतात, त्यांच्याभोवती पांढरट कड असते आणि काही दिवसांनी ते चट्टे जागाच बदलतात. नकाशासारख्या दिसणाऱ्या या जिभेला वैद्यकात जिऑग्राफिक टंग म्हणतात. शंभरातल्या एक ते तीन माणसांना ती असते. ती संसर्गजन्य नाही, कर्करोगात बदलत नाही, आणि तिखट-आंबट खाताना थोडं चुरचुरण्यापलीकडे बहुधा काही होत नाही. काहींच्या जिभेला खोल चिरा असतात, त्याही घातक नाहीत. फक्त त्यांत अन्न अडकतं म्हणून जीभ हलक्या हाताने साफ करावी. अँटिबायोटिकच्या डोसानंतर, किंवा धूम्रपान आणि चहा-कॉफी फार असेल तर, जिभेवरचे केसासारखे बारीक उंचवटे लांबतात आणि जीभ काळपट, लवदार दिसू लागते. दिसायला भयंकर, तरी सवयी सुधारल्या आणि जीभ नियमित घासली की ती पूर्ववत होते.

जीभ साफ करण्याची आपली सवय चांगली आहे. चरकसंहितेत जीभ खरवडण्याच्या धातूच्या पट्ट्यांचा उल्लेख आहे, इतकी ती जुनी आहे. तोंडाला येणारी दुर्गंधी पुष्कळदा जिभेच्या मागच्या भागावर साठलेल्या थरातून येते, त्यामुळे पट्टी मागून पुढे ओढावी. उलटी येईपर्यंत किंवा रक्त येईपर्यंत खरवडणं मात्र चुकीचं.

जिभेवर दह्याच्या साईसारखा पांढरा थर आला, तो पुसला तर निघतो आणि खाली लाल, हुळहुळी जागा दिसते, तर ती बुरशी असण्याची शक्यता असते. रात्री कवळी न काढणारे, मधुमेही, आणि दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढणारे लोक यांच्यात ती जास्त आढळते. पंप ओढल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरून पाणी थुंकून टाकावं. इतकी साधी गोष्ट आहे, पण दवाखान्यात सांगायची राहून जाते.

गुळगुळीत, लाल आणि हुळहुळणारी जीभ वेगळं काही सांगते. तिच्यावरचे बारीक उंचवटे झिजून गेलेले असतात आणि कारण बहुतेकदा रक्तात असतं: लोह, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी पडलेलं असतं. या गोष्टीशी मुंबईचं जवळचं नातं आहे. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणगावात काम करणाऱ्या गरोदर बायकांना तीव्र रक्तक्षय होत होता आणि त्याचं कारण सापडत नव्हतं. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना दिसलं, की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि आज देशभरातल्या गरोदर स्त्रियांना फॉलिक ॲसिडच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांची मुळं परळच्या त्या कामापर्यंत जातात.

प्रश्न मात्र मिटलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. बी-१२ प्रामुख्याने दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं, म्हणून पूर्ण शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्या माणसांत ते कमी पडतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांतही कमी होतं. तेव्हा सारखं तोंड येत असेल, जीभ सोलवटल्यासारखी वाटत असेल आणि पायऱ्या चढताना धाप लागत असेल, तर तोंडाला लावायचं जेल बदलत बसण्यापेक्षा रक्त तपासून घ्यावं.

पाळी गेल्यानंतरच्या वयात अनेक स्त्रियांची जीभ दिवसभर जळजळते, पण तपासणीत जीभ अगदी स्वच्छ दिसते. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. तसं नाही. हा ओळखला गेलेला आजार आहे, त्याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. या बायकांचं दुखणं खरं आहे, एवढं घरच्यांनी मान्य केलं तरी त्यांचा अर्धा ताण हलका होतो.

आणि आता जी गोष्ट दुखत नाही, ती.

जिभेच्या कडेला, दाढांच्या बाजूला, एखादी जखम, जाड पांढरा चट्टा किंवा लाल मखमली डाग दिसला आणि पंधरा दिवसांत बरा झाला नाही, तर तो तज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे. साधं तोंड आलेलं असतं ते भयंकर दुखतं, पण आठ-पंधरा दिवसांत जातं. कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा न दुखता होते, आणि जिभेवर तो बहुतांशी कडेलाच होतो. जागा डोळ्यांना दिसणारी आहे. टॉर्च, आरसा आणि स्वच्छ रुमाल एवढं पुरतं. रुमालाने जीभ धरायची, एका बाजूला ओढायची, कड शेवटपर्यंत पाहायची, मग दुसरी बाजू, मग जिभेखाली. महिन्यातून एकदा. तुटक्या दाताची धार किंवा कवळीचा काठ जिभेला सतत लागत असेल, तर तो आधी घासून घ्यावा. धार काढूनही जखम पंधरा दिवसांत भरली नाही, तर डॉक्टर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने आजार पसरतो हा समज खोटा आहे, आणि त्या समजापायी वाया गेलेले महिने रुग्णाच्या जिवावर बेतले आहेत.

महाराष्ट्रात हे वारंवार सांगावं लागतं. तंबाखूच्या वापराची राष्ट्रीय पाहणी २०१६-१७ साली झाली, तेव्हा राज्यातल्या २४ टक्क्यांहून अधिक प्रौढ लोक चघळायची किंवा लावायची तंबाखू वापरत होते. विदर्भात खर्रा, अनेक ठिकाणी मावा, शेतात हातावर चुन्यासोबत मळलेली चिमूट, आणि घराघरांत बायका दातांना लावतात ती मिसरी. मिसरीला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून तपासणीत विचारलं तर उत्तर ‘नाही’ असं येतं. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीचा धोका लोकांच्या मनात अजून नीट उतरलेला नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, तंबाखू घातलेली नसली तरीही. तिने तोंडाचं आतलं अस्तर हळूहळू आवळत जातं. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतात या आजाराचं पहिलं वर्णन केलं. त्याची पहिली खूण म्हणजे तिखट अजिबात सहन न होणं. पुढे तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच दाखवावं.

दाखवायचं कुठे? मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे मुखरोगांचा स्वतंत्र विभाग असतो आणि खर्च फार कमी येतो. गावात दातांचे डॉक्टर नसतील तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावं. जाताना जखम कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसली ते कागदावर लिहून न्यावं, सुरू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या न्याव्यात, आणि तंबाखू, सुपारी किंवा मिसरी किती वर्षं चालू आहे ते न लपवता सांगावं. ती सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे बसलेले समुपदेशक पहिल्या फोननंतरही पुन्हा फोन करून विचारपूस करतात.